वाया गेलेला दिवस

"तो एक दिवस सोडला, तर झाली तेवढी ट्रिप अगदी परफेक्ट होती आमची," श्रीराम म्हणाला, आणि सुलेखाच्या हातातला आमटीचा डाव वाटीवर तसाच राहिला. वाक्य त्यानं सहज टाकलं होतं, पापडाचा तुकडा मोडता मोडता. समोर परीक्षित लॅपटॉप उघडून बसला होता. ताट बाजूला आणि नकाशा मध्ये. परीक्षित आणि आश्लेषा पहिल्यांदाच इटलीला निघाले होते. ऑफिसात परीक्षित श्रीरामच्या हाताखाली, त्यामुळे प्रवासाचा सल्लाही त्याच्याकडूनच घ्यायचा म्हणून परीक्षितच्या घरी हे शनिवारचं दुपारचं जेवण ठरलेलं. टेबलाच्या टोकाला परीक्षितची आई, शैलाकाकू, ताकभात कालवत होत्या. डिसेंबरात त्या साताऱ्याहून मुलाकडे परदेशी आल्या होत्या आणि रेडमंडच्या पावसाला कंटाळल्या होत्या, जो धड पडत नाही आणि धड थांबतही नाही. "जिनोव्हाहून थेट पिसा पकडा," श्रीराम सांगत होता. "मध्ये ते कालापियाना लागतं, तिथे उतरू नका. काही नाहीये तिथे. आम्ही रेल्वेच्या स्ट्राइकमध्ये अडकलो आणि अख्खा दिवस वाया गेला." परीक्षितनं मान डोलावली आणि नकाशावरचा एक ठिपका काढून टाकला. "स्किप केलं," तो म्हणाला.

सुलेखानं आमटी वाढली, डाव पातेल्यात ठेवला आणि आपल्या खुर्चीवर येऊन बसली. आपल्या देखत कुणी माहेरच्या माणसाला नावं ठेवावीत, तसं तिला झालं होतं. आणि तेही नेमकं आज. कालापियानात समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन खोल्यांची एक जागा मे महिन्यात रिकामी होती. मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत मेल केली होती, की उद्यापर्यंत हो म्हणा, नाहीतर मी दुसऱ्याला देते. तीन आठवडे, एकच गाव, कुठे जायचं नाही, काही बघायचं नाही. सकाळी बाजारातून भाजी आणायची, शिजवायची, दुपारी भिंतीवर बसायचं. पंधरवड्यापूर्वी तिनं हे श्रीरामसमोर काढलं तेव्हा तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता "बघू" म्हणाला. श्रीरामच्या 'बघू'चा अर्थ इतक्या वर्षांच्या संसारात तिला पाठ झाला होता. तरी आज परतताना गाडीत शेवटचं विचारायचं, असं ठरवून ती घरून निघाली होती. आता विचारण्यात काय राम राहिला होता? त्याच्या लेखी तो दिवस वाया गेला होता. एकच दिवस, दोघांनी एकाच भिंतीवर बसून काढलेला, आणि तो एकाच्या खात्यात जमा आणि दुसऱ्याच्या खात्यात बुडीत, असं असू शकतं का? तिला भीती वाटली ती याची. जागा जाण्याची नाही. तो दिवस तिच्या एकटीचाच होता, असं तर नाही ना, याची.

खरं म्हणजे इटलीला ते गेले हाच एक अपघात होता. त्यांच्यात सुट्टी म्हणजे पुणं. वर्षभर रजा दाण्या-दाण्यानं साठवायची, बॅगा बदामांनी आणि शँपूंनी भरायच्या, आणि तिथे पोचल्यावर रोज दोन घरी जेवायचं. कोणाकडे नुसता चहा घेतला तर तो का नुसता घेतला याचा खुलासा पुढल्या वारीला द्यायचा. त्या वर्षी, दोन हजार चारच्या मेमध्ये, मुलगी रुही शाळेच्या बँडबरोबर कॅलिफोर्नियाला चालली होती आणि सुलेखा एकदाच म्हणाली होती, की आपण दोघंच कुठेतरी जाऊ या का. श्रीराम तयार झाला आणि मग त्यानं ते काम प्रोजेक्टसारखं अंगावर घेतलं. आठ दिवस, पाच शहरं. कोणत्या संग्रहालयात किती वाजता शिरायचं आणि किती वाजता बाहेर पडायचं, हे त्यानं कागदावर उतरवून कागदाला प्लास्टिक चढवून आणलं. मिलानमध्ये ती चर्चच्या पायरीवर जरा टेकली, तर हा घड्याळाकडे बघत उभा. बॅगेत थेपले होते, मेतकूट होतं, छोटा राइस कुकर होता. "जेवणाची शोधाशोध करण्यात वेळ जातो," तो म्हणाला होता. मिलानमध्ये दोन रात्री त्यांनी हॉटेलच्या बाथरूममध्ये कुकर लावून खिचडी खाल्ली आणि खिडकी उघडी ठेवली, वास जावा म्हणून. इटलीत जाऊन खिचडी! सुलेखाला आजही त्याची लाज वाटायची आणि हसूही यायचं.

मग ती गाडी. डब्यात शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आणि प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडलं की उजवीकडे एकदम समुद्र. एका छोट्या स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. गार्ड डब्यातून सांगत गेला, "शोपेरो, शोपेरो," आणि खांदे उडवून स्वतःच खाली उतरून सिगारेट ओढायला लागला. संप. उद्या सकाळपर्यंत एकही गाडी नाही. सगळे लोक न कुरकुरता उतरून गेले, जणू त्यांना कालच माहीत होतं. माहीत होतंच, फक्त श्रीरामच्या प्लास्टिकच्या कागदाला माहीत नव्हतं. तो कागद हातात धरून फलाटावर उभा असलेला श्रीराम तिला अजून दिसायचा. परीक्षेच्या दिवशी चुकीच्या शाळेत आलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा झाला होता. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तिच्या पोटातून एक हलकं हलकं असं काहीतरी वर आलं होतं, माहेरी अकोल्याला अचानक शाळा सुटल्याची घंटा झाली की यायचं तसं.

गाव म्हणजे एक उतरती गल्ली, पिवळ्या आणि विटकरी भिंती, खिडक्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली गोट्यांचा किनारा. गल्लीच्या तोंडाशी एका भट्टीतून वास आला आणि ती थबकली. तो वास तिच्या ओळखीचा होता. भाजलेल्या बेसनाचा. आत एक बाई तांब्याच्या परातीएवढ्या थाळ्यातून पिवळंधमक काहीतरी सुरीनं कापत होती आणि कागदावर घालून देत होती. सुलेखानं तुकडा तोंडात टाकला. वर खरपूस, आत मऊ, मीठ, तेल, मिरपूड. "अहो, हे तर धिरडं आहे," ती म्हणाली. "आपलं बेसनाचं धिरडं, फक्त भट्टीतलं." आईच्या हातचं धिरडं, सात समुद्रापलीकडे, एका परक्या बाईच्या हातून कागदावर! तिचे डोळे भरून आले होते, मिरपुडीनं असेल. श्रीरामनंही तुकडा खाल्ला होता का? हो, पहिला खाल्ला होता. मग तो म्हणाला, "दादाला फोन करून येतो. आज आपण पिसाला नाही हे कळवायला हवं." हीही त्याची पद्धत. प्लास्टिकच्या कागदाची एक प्रत पुण्याला वडिलांजवळ, आप्पांजवळ, राहणाऱ्या थोरल्या भावाकडे दिलेली होती आणि त्यात काही बदल झाला की वर्दी द्यायची. तो वरच्या तंबाखूच्या दुकानातल्या फोनकडे चढून गेला आणि ती खाली भिंतीवर पाय सोडून बसली.

तो बऱ्याच वेळानं आला. "लागला?" तिनं विचारलं. "लागला." "आप्पा काय म्हणतात?" "झोपलेत," तो म्हणाला. आणि मग जे झालं, ते तिनं इतक्या वेळा मनात उलगडून पाहिलं होतं, की त्याच्या घड्या पडल्या होत्या. श्रीराम तिच्या शेजारी बसला नाही. तो गोट्यांवरून सरळ चालत गेला. पँट, शर्ट, बूट, सगळ्यासकट. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, तरी तो थांबला नाही. हा माणूस, जो पुण्यात पावसात सापडला तर आधी घड्याळ काढून खिशात ठेवतो! तिथे त्यानं डोकं पाण्याखाली घातलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. सुलेखा आधी ओरडली आणि मग टाळ्या वाजवत हसत सुटली. भिंतीवरच्या म्हाताऱ्या हसल्या. भट्टीवाली बाई पीठ लागलेल्या हातानं दारात येऊन बघत राहिली आणि मग आतून टॉवेल घेऊन आली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरून पाणी निथळत होतं आणि तोंड उघडं होतं; तोही हसत होता. भिंतीवर तिच्या शेजारी बसून त्यानं चारचौघांत तिचा हात हातात घेतला, आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही. बोललाही नाही. घड्याळ पाण्यानं बंद पडलं होतं, ते त्यानं पाहिलंही नाही. तिनं पुन्हा धिरडं आणलं तर म्हणाला, "तू खा." ऊन भिंतीवरून हळूहळू सरकत गेलं. जाळी विणणारा एक म्हातारा आला, विणून गेला. सुलेखाला त्या दुपारी वाटलं होतं, की आपलं लग्न आत्ता कुठे लागलं.

दुसऱ्या सकाळी स्टेशनात त्यानं पुन्हा फोन केला आणि येऊन म्हणाला, "आप्पा गेले." पुढचं सगळं धावपळीचं. पिसा नाही, फ्लॉरेन्स नाही, रोमहून मुंबई, पुणं, भावानं उरकलेले विधी, श्रीरामचे उतरवलेले केस, घरात फोडणी नसलेलं जेवण. आप्पांच्या जाण्याचं दुःख तिला खरोखर झालं, पण त्या दुःखाच्या मागे तिनं तो एक दिवस हळूच बाजूला काढून ठेवला, वाटणीच्या भांड्यांतून एखादी बाई आपली वाटी उचलून पदराआड घेते तसा. आदल्या दिवशी तरी आपण सुखात होतो, असं ती स्वतःशी म्हणायची. श्राद्ध तिथीनं होतं, इंग्रजी तारीख कोणी काढत बसत नाही.

परत आल्यावर ती लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागली. आपण ज्याला इटालियन जेवण म्हणतो तसं काही इटलीत नसतंच, हे तिला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच हसली. जसं आपल्याकडे वऱ्हाडातलं कोकणात चालत नाही आणि खानदेशातलं देशावर. एका खोऱ्यातली माणसं मक्याचा घाटा थापून वड्या पाडतात, दुसऱ्या खोऱ्यातली त्याला हात लावत नाहीत. सिसिलीत बेसन शिजवून, थापून, तुकडे करून तळतात. म्हणजे पाटवड्याच की. खाली दक्षिणेला घराच्या भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा. एकेका गावाचा एकेक पदार्थ, आणि तो खायला त्या गावीच जावं लागतं, जाऊन बसावं लागतं. हे बसणं तिला फार आवडलं. दर थोड्या दिवसांनी ती ओव्हनमध्ये बेसनाचा तो थाळा लावायची. वास सुटला की श्रीरामला नेमकं गॅरेजमध्ये काम निघायचं. "थंड झाल्यावर खातो," म्हणायचा, आणि एक तुकडा उभ्यानं खायचा. तिला वाटायचं, याला कशाचंच काही नाही.

"सुलेखाताई, तुम्हाला काय आवडलं पण?" आश्लेषानं विचारलं. सुलेखा मनानं टेबलावर परत आली. आश्लेषा गोड मुलगी होती, कुणी गप्प बसलं की तिला अपराध्यासारखं व्हायचं. सुलेखानं श्रीरामकडे पाहिलं. तो परीक्षितला गाड्यांच्या वेळा दाखवत होता. काय झालं कोण जाणे, तिच्यात एकदम चीड उठली, आणि चिडीला तिनं नेहमीप्रमाणे थट्टेचे कपडे घातले. "मला तो वाया गेलेला दिवसच आवडला," ती म्हणाली. "तुमच्या श्रीरामदादांनी त्या दिवशी काय केलं ते सांगितलं नाही वाटतं त्यांनी?"

"सुलेखा, राहू दे," श्रीराम म्हणाला.

"का राहू दे? अगं, हा माणूस बुटांसकट समुद्रात गेला. बूट, पँट, शर्ट, घड्याळ, सगळं अंगावर. आणि आत जाऊन तीन बुड्या मारल्या. अख्खा गाव हसत होता."

"नो वे," परीक्षित म्हणाला. "श्रीरामदादा? तुम्ही? यार, ऑफिसमध्ये सांगायलाच पाहिजे हे." आश्लेषा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. सुलेखाही हसत होती आणि हसता हसता तिला बरं वाटत होतं, की चला, आता हा दिवस चौघांत बोलला गेला, आता तो पुसता येणार नाही.

शैलाकाकू हसल्या नाहीत. इतका वेळ त्या कोणाच्या बोलण्यात नव्हत्या. नकाशे आणि गाड्या हा त्यांचा प्रांत नव्हता. त्यांनी बोटांचा ताकभात ताटाच्या काठाला पुसला आणि श्रीरामकडे पाहिलं.

"कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

परीक्षित म्हणाला, "आई, कोण कुठे जाणार? ते फिरायला..." पण काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. श्रीरामचा हात लॅपटॉपच्या कडेवर होता. तो त्यानं उचलून मांडीवर घेतला.

"वडील," तो म्हणाला.

"फोन आला होता?"

"मी केला होता."

काकूंनी मान हलवली. "बरं केलंत," त्या म्हणाल्या. "समुद्र म्हणजे सगळ्या तीर्थांचं पाणी." आणि त्या पुन्हा जेवायला लागल्या. परीक्षित आणि आश्लेषा एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी मोठं होऊन गेल्याचं कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. आश्लेषानं उठून खिरीच्या वाट्या आणल्या.

सुलेखाला माहीत नव्हतं असं नाही. अकोल्याच्या घरी एकदा मामा गेल्याची तार आली होती, आणि आई तार वाचून झाल्यावर एक शब्द न बोलता मागच्या दारी गेली होती आणि नळाखाली, नेसत्या लुगड्यानिशी, डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओतत राहिली होती. गेल्याची बातमी कानावर आली की आहे त्या कपड्यांनिशी अंघोळ. सगळ्या घरांत होतं हे. तिनं पाहिलेलं होतं, केलेलं होतं. पण समोर समुद्र होता, ऊन होतं, तोंडात धिरड्याची चव होती, तिला ते सुचलंच नाही. देवळात हात जोडतानाही घड्याळ बघणारा तिचा नवरा असं काही करील, हे कसं सुचावं? आणि आता ते घड्या पडलेलं चित्र तिनं पुन्हा उलगडलं, तर एकेक गोष्ट जागेवरून हलायला लागली. झोपलेत. तू खा. भट्टीवाली बाई तेवढी हसली नव्हती. आणि तो बाहेर आला तेव्हा तोंड उघडं होतं, त्याला ती हसणं म्हणत आली होती. आणि आपण? आपण भिंतीवर बसून टाळ्या वाजवत होतो. आप्पा जाऊन चार तास झाले नसतील, आणि मी टाळ्या वाजवत होते. खिरीची वाटी तिच्यासमोर तशीच राहिली.

दोघं गाडीत बसून घरी निघाली. वायपर काचेवर फिरत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "सांगायचं होतंत ना मला."

"गाडी नव्हती," श्रीराम म्हणाला. "दादा म्हणाला, तू पोचू शकत नाहीस, आम्ही संध्याकाळी नेतो. मग सांगून काय करायचं होतं? दोघांनी मिळून फलाटावर बसायचं?"

"हो. बसले असते."

"तू पाय हलवत होतीस," तो म्हणाला. सिग्नल हिरवा झाला, त्यानं गाडी काढली. "वरून उतरताना मला दिसलीस तू. भिंतीवर बसून पाय हलवत होतीस. लग्नानंतर तुला असं कधी बसलेलं पाहिलं नव्हतं मी. म्हटलं, उद्यापर्यंत बसू दे."

तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो त्यानं ठेवू दिला. मग आज हा 'वाया गेलेला दिवस' म्हणाला तो कशासाठी, हे तिनं विचारलं नाही. दुसरा कोणता शब्द तो चारचौघांत वापरू शकला असता? तिच्या मनात आलं, दिवस एकच होता आणि त्याची दोन टोकं दोघांनी धरली होती. तिनं सुखाचं टोक धरलं म्हणून दुसरं त्याच्या हातात राहिलं, आणि त्यानं ते ओढलं नाही.

घरी आल्यावर तिनं पर्स टेबलावर ठेवली, चपला काढल्या आणि सरळ बाथरूममध्ये गेली. शॉवर सोडला आणि सलवार-कमीज, स्वेटर, बांगड्या, जशी होती तशी त्याखाली उभी राहिली. त्या सकाळी स्टेशनात बातमी कळली तेव्हा तिनं नळावर फक्त तोंड धुतलं होतं. गाडी लागली होती. स्वेटर जड व्हायला लागला. डोळ्यांत पाणी जात होतं आणि येतही होतं. आप्पा तिला 'सुलेखाबाई' म्हणायचे, नवी सून म्हणून थट्टेनं सुरू केलेलं, ते शेवटपर्यंत राहिलं. पहिल्या वर्षी तिची भाकरी फाटायची, तेव्हा ते मुद्दाम फाटकीच मागून घ्यायचे. तिनं शॉवरखाली डोकं तीनदा खाली घातलं, का ते तिलाच ठाऊक, आणि पाणी बंद केलं.

दार उघडलं तर श्रीराम पलंगाच्या कडेला टॉवेल घेऊन बसला होता. त्यानं तिला नखशिखांत पाहिलं. उठून तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि लहान मुलाचं पुसतात तसं खसाखसा पुसायला लागला.

"एक सांगू?" तो म्हणाला. त्या दिवसाबद्दल तिच्याशी तो आपणहून पहिल्यांदाच बोलत होता. "पाणी फार गार होतं तिथलं."

टॉवेलच्या आत सुलेखाला हसूही आलं आणि रडूही. "मे महिन्यात?"

"मेमध्ये तिथे गारच असतं. हाडं गोठली माझी. तुला सांगता येईना."

ती टॉवेलमधून बाहेर आली. स्वेटरचं पाणी गालिच्यावर ठिबकत होतं आणि दोघांपैकी कोणीही ते पुसायला वाकलं नाही.

"मग त्या मालकीणबाईंना विचारते," ती म्हणाली. "जूनमध्ये जाऊ."